लाइव्ह साऊंड : इफेक्टचे चार स्लॉट, कोणता रिव्हर्ब आणि कोणता डिले?

निखळ_स्वर

नमस्कार. एका बँडचं लाइव्ह मिक्सिंग सध्या माझ्याकडे आहे. एक मुख्य गायिका, दोन कोरस, ड्रम, बास, कीबोर्ड, अकूस्टिक गिटार आणि बासरी. कन्सोल डिजिटल आहे, त्यात इफेक्टचे चार स्टिरिओ स्लॉट आहेत. कार्यक्रम बहुतेक पाचशे-सहाशे खुर्च्यांच्या सभागृहात, अधूनमधून मोकळ्या मैदानात.

लेव्हल, ईक्यू, कॉम्प्रेसर इथपर्यंत हात बसला आहे. इफेक्टची यादी उघडली की हॉल, चेंबर, प्लेट, रूम, अँबियन्स हे रिव्हर्ब आणि पिंगपाँग, टेप हे डिले असं बरंच काही समोर येतं आणि हेडफोनवर त्यातलं प्रत्येक छान वाटतं. तेच स्पीकरमधून सोडलं की गायिका चार पावलं मागे गेल्यासारखी वाटते. चार जागा कशाने भरायच्या आणि का? प्रीसेटची नावं नकोत, निवडीमागचा विचार हवा आहे.

---

मिक्सरमागचा

हेडफोनवर छान आणि स्पीकरवर मागे, या निरीक्षणातच अर्धं उत्तर आहे. हेडफोनमध्ये खोली (भिंतींनी आवाज घुमवणारी जागा) नसते. सभागृहात ती असते आणि बंद करता येत नाही. तुमचे चार स्लॉट रिकामे असतानाही एक रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, चालूच असतो. त्याचा फेडर (पातळीची पट्टी) तुमच्या हातात नाही, म्हणून निवड त्याच्यापासून सुरू करायची.

थोडा हिशेब मांडतो, कारण तो एकदा डोक्यात बसला की यादीतली निम्मी नावं आपोआप गळतात. आवाज थांबल्यावर त्याची पातळी ६० डेसिबलने उतरायला लागणारा वेळ म्हणजे आरटी६०. वॉलेस सॅबाइन यांनी १८९० च्या दशकात हार्वर्डमध्ये यावर काम केलं. त्यांचं सूत्र सोपं आहे : ०.१६१ गुणिले घनफळ, भागिले एकूण शोषण. समजा सभागृह ५००० घनमीटरचं आहे आणि आरटी६० दोन सेकंद आहे. आता दुसरं सूत्र घ्या. स्पीकरचा थेट आवाज आणि खोलीत घुमलेला आवाज ज्या अंतरावर समान होतात ते अंतर : घनफळाला आरटी६० ने भागा, स्पीकरच्या दिशिकतेने (आवाज एका दिशेला किती एकवटतो त्या आकड्याने) गुणा, वर्गमूळ काढा आणि ०.०५७ ने गुणा. दिशिकता १० धरली तर उत्तर येतं सुमारे ९ मीटर.

म्हणजे स्पीकरपासून ९ मीटरच्या पुढे बसलेला प्रत्येक श्रोता थेट आवाजापेक्षा घुमलेला आवाज जास्त ऐकतो आहे, तुम्ही एकही इफेक्ट लावायच्या आधी. खालच्या फ्रिक्वेन्सीला स्पीकरची दिशिकता दोनच्या आसपास येते. तिथे हेच अंतर जेमतेम ४ मीटर उरतं. अशा जागी 'लार्ज हॉल' लावणं म्हणजे भरलेल्या घागरीत पाणी ओतणं.

म्हणून सभागृहात माझा क्रम असा : गायिकेसाठी आधी डिले, मग छोटी प्लेट. डिलेचा प्रत्येक पडसाद सुटा असतो आणि दोन पडसादांमध्ये मोकळी जागा राहते. त्या जागेत पुढचा शब्द स्वच्छ ऐकू येतो. रिव्हर्ब ती जागा भरून टाकतो. आवाजाला आकार आणि लांबी हवी पण शब्द पुढेच राहायला हवेत, ही गरज डिले जास्त चांगली भागवतो.

---

तिसरी_रांग

हिशेब पटला, क्रम पूर्ण पटला नाही. संथ गाणं असेल, ओळींमध्ये लांब स्वर असतील, तर नुसता डिले उघडा पडतो. श्रोत्याला पडसाद मोजता येतात आणि लक्ष गाण्यावरून इफेक्टवर जातं. तिथे प्लेटच पाहिजे. गायक मागे जातो याचं कारण मला बऱ्याचदा प्री-डिलेमध्ये (मूळ आवाज आणि घुमारा यांच्यातला वेळ) सापडतं. तो शून्यावर असला की घुमारा शब्दाच्या पहिल्या व्यंजनावरच चढतो. तोच ४० ते ६० मिलिसेकंद केला की शब्द आधी पोहोचतो, घुमारा त्याच्या मागून येतो. प्लेट तीच, डिके (घुमारा विझायचा वेळ) तोच, आणि गायिका पुढे येते.

आणि प्लेटच का, हेही सांगायला हवं. ईएमटी १४० हे यंत्र १९५७ मध्ये आलं. चौकटीत ताणून बसवलेला पोलादाचा मोठा पत्रा, त्याला कंप देणारा ड्रायव्हर आणि कंप उचलणारे पिकअप. वजन अडीचशे किलोच्या वर. त्यात भिंती नाहीत, त्यामुळे 'मागची भिंत इतक्या लांब आहे' असं सांगणारे सुरुवातीचे सुटे पडसादही नाहीत. घनता लगेच तयार होते. आजचे डिजिटल प्लेट अल्गोरिदम त्याचीच नक्कल करतात, आणि लाइव्हमध्ये हा गुण फार कामाचा आहे. सभागृहाच्या भिंती आपलं अंतर सांगतच असतात. हॉल अल्गोरिदम त्यावर दुसऱ्या, अस्तित्वात नसलेल्या भिंतींचं अंतर सांगायला लागतो, आणि कानाला दोन खोल्या एकदम ऐकू येतात. प्लेट कुठल्याच खोलीचा दावा करत नाही.

---

मिक्सरमागचा

@तिसरी_रांग, दोन खोल्यांचा मुद्दा अगदी बरोबर. संथ गाण्याचंही मान्य. अशा वेळी मी डिलेचा रिटर्न (इफेक्टमधून परत येणारा आवाज) थोडा प्लेटमध्ये सोडतो. पडसादांच्या कडा विरघळतात आणि मोजता येत नाहीत. एकच काळजी घ्यायची. डिलेचा रिटर्न प्लेटच्या बसवर (प्लेटकडे आवाज नेणाऱ्या वाटेवर) जाऊ द्या, पण कुठलाही रिटर्न स्वतःच्याच बसवर परत जाता कामा नये. तो वळसा तयार झाला की आवाज वाढतच जातो.

---

लो_मिड

रूटिंगचा विषय निघालाच आहे तर हे आधी तपासा, कारण ते चुकलं असेल तर कुठलाही अल्गोरिदम चांगला वाटणार नाही.

स्लॉट सेंड-रिटर्नवर असेल तर मिक्स १०० टक्के वेट, म्हणजे फक्त इफेक्टचा आवाज. ड्राय, म्हणजे मूळ आवाज चॅनलमधून जातोच आहे. इफेक्टमधूनही ड्राय गेला तर तोच आवाज किंचित उशिराने दुसऱ्यांदा मिसळतो आणि कंगव्याच्या दातांसारखे खड्डे पडतात. सेंड (इफेक्टकडे पाठवलेला आवाज) पोस्ट-फेडर, म्हणजे फेडरच्या नंतर घेतलेला ठेवा. प्री-फेडर ठेवला तर फेडर खाली ओढला तरी गायिकेचं भूत रिव्हर्बमध्ये गात राहतं.

कन्सोलच्या मर्यादाही पाहून घ्या. बेहरिंगरच्या एक्स३२ या डिजिटल कन्सोलचं उदाहरण : आठ स्लॉट दिसतात, पण रिव्हर्ब आणि डिले पहिल्या चारमध्येच लावता येतात. बाकीचे चार ग्राफिक ईक्यू, कॉम्प्रेसर अशा इन्सर्टच्या प्रकारांसाठी आहेत.

आता माझा आवडता भाग. रिटर्नला ईक्यू लावा. अल्गोरिदम निवडण्यात लोक तास घालवतात आणि रिटर्नचा ईक्यू सपाट सोडतात. वर आलेला ४ मीटरचा आकडा पुन्हा वाचा. खालची फ्रिक्वेन्सी सभागृहात आधीच तुंबलेली आहे. गायिकेच्या प्लेटला लो-कट (खालचं कापणारा फिल्टर) २५० ते ३०० हर्ट्झपर्यंत न्यायला घाबरू नका. एकट्याने ऐकताना पातळ वाटेल, बँड वाजायला लागला की बरोबर बसेल. वरून हाय-कट ६ ते ८ किलोहर्ट्झ, नाहीतर प्रत्येक 'स' आणि 'श' घुमाऱ्यात सळसळत राहतो. डिलेला मी आणखी अरुंद करतो, साधारण ३०० हर्ट्झ ते ४ किलोहर्ट्झ. मंद पडसाद मूळ आवाजाशी स्पर्धा करत नाही. जुन्या टेप एकोमध्ये, उदाहरणार्थ रोलंडच्या १९७४ च्या आरई-२०१ मध्ये, प्रत्येक फेरीला टेपवरचा वरचा भाग झिजत जायचा आणि पडसाद आपोआप मागे सरकायचे. ईक्यूने आपण तेच करतो.

शेवटी फीडबॅक. रिव्हर्बचा रिटर्न स्पीकरमधून बाहेर पडतो, माइकमध्ये शिरतो, पुन्हा रिव्हर्बमध्ये जातो. शिट्टीच्या आधी एक विशिष्ट स्वर घुमाऱ्यात रेंगाळू लागतो. असा स्वर ऐकू आला तर चॅनलच्या ईक्यूला हात लावण्याआधी रिटर्न म्यूट करून बघा. स्वर गेला तर रिटर्नमध्येच अरुंद कट द्या. गायिकेचा मूळ आवाज कापायची गरज नाही.

---

ठेका

ड्रमबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी वाजवतो आणि छोट्या कार्यक्रमांत मिक्सही करतो.

स्नेअरचा रिव्हर्ब गाण्याच्या लयीवर ठरवा. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० मात्रा) दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर पडतो, म्हणजे दोन फटक्यांत बरोबर एक सेकंद. घुमारा त्याच्या आत कानावेगळा झाला पाहिजे. डिके १ सेकंदाच्या खाली ठेवला की फटक्यांमध्ये हवा राहते. आधीच घुमणाऱ्या जागेत ०.६ ते ०.८ सेकंदांची रूम पुरते. किकला आणि बासला काहीही पाठवू नका, खोली त्यांचं काम जरुरीपेक्षा जास्त करते.

सभागृह फारच घुमत असेल तर गेटेड रिव्हर्ब वापरून बघा. २०० मिलिसेकंदांच्या आसपास घुमारा कापला जातो. स्नेअर मोठा वाटतो, पण शेपूट उरत नाही. प्रत्येक प्रकारच्या संगीताला तो शोभणार नाही, हे खरं.

---

निखळ_स्वर

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचता वाचता तीन शंका आल्या.

डिलेचे मिलिसेकंद नक्की कसे काढायचे? साऊंडचेकला सभागृह रिकामं असतं, मग तेव्हा ठरवलेलं कार्यक्रमात टिकतं का? आणि मागच्या स्पीकरना जो डिले लावतात त्याचा या डिलेशी काही संबंध आहे का?

---

मिक्सरमागचा

शेवटच्यापासून घेतो. नाव एकच, काम वेगळं. मागचे स्पीकर श्रोत्याच्या जवळ असतात. मुख्य स्पीकरचा आवाज तिथे उशिरा पोहोचतो, म्हणून जवळच्या स्पीकरला थांबवून ठेवतात. २० अंशांना आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे ३४ मीटरला साधारण १०० मिलिसेकंद. तो डिले नीट बसला की ऐकूच येत नाही. आपण बोलतोय तो डिले ऐकू यावा म्हणूनच लावायचा.

पण दोघांच्या मुळाशी कानाचा एकच स्वभाव आहे. हेल्मुट हास यांनी १९४९ च्या प्रबंधात दाखवलं की थोड्या उशिराने आलेला तोच आवाज कान वेगळा मानत नाही, पहिल्याशी जोडून टाकतो. बोलण्यासाठी ही मर्यादा ढोबळमानाने ३० ते ४० मिलिसेकंदांपर्यंत जाते. त्याच्या पुढे पडसाद सुटा होऊ लागतो. ८० ते १४० मिलिसेकंदांत स्लॅप (एकच झटपट पडसाद) मिळतो, आणि त्यापुढे लयीशी जोडलेले डिले.

लयीचा हिशेब : ६०,००० भागिले बीपीएम. ९६ बीपीएमचं गाणं घेतलं तर एक मात्रा ६२५ मिलिसेकंद, अर्धी मात्रा ३१२, पाऊण मात्रा ४६९. प्रत्यक्षात कॅल्क्युलेटर कोणी काढत नाही, टॅप टेम्पोचं बटण (लयीत दाबलं की डिले तसा बसतो) हाताशी ठेवा. द्रुत गाण्याला मी पूर्ण मात्रा घेतो, कारण अर्धीला पडसाद फार दाट होतात. संथ गाण्याला अर्धी. पाऊण मात्रेचा डिले गिटारवर सुंदर लागतो, गाण्याच्या शब्दांवर मात्र तो शब्दांच्या मधोमध आदळतो.

डिलेचा फीडबॅक (पडसादाचा किती भाग पुन्हा डिलेत जातो; वरची शिट्टी नव्हे) किती ठेवायचा यालाही आकडा आहे. ३० टक्क्यांना प्रत्येक पडसाद आधीच्यापेक्षा साडेदहा डेसिबलने खाली जातो, दोन-तीन पडसादांत विषय संपतो. ५० टक्क्यांना उतार फक्त ६ डेसिबलचा राहतो आणि पडसाद पुढच्या ओळीत घुसतात. मी ३० च्या वर क्वचितच जातो.

एक गोष्ट जागेवर गेल्यावरच कळते. मंचापासून मागची भिंत २८ मीटरवर असेल तर टाळीचा पडसाद ५६ मीटर फिरून मंचावर येतो, म्हणजे सुमारे १६० मिलिसेकंदांनी. सभागृहाने स्वतःचा स्लॅप लावलेला आहे. तुम्ही १२० चा स्लॅप लावला तर दोन्ही अडखळत एकमेकांवर आदळतात. अशा जागी स्लॅप पूर्ण वगळा, मात्रेचा डिले घ्या. म्हणून सभागृहात शिरल्यावर मंचाच्या मधोमध उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा आणि ऐका.

रिकामं विरुद्ध भरलेलं. त्याच ५००० घनमीटरच्या सभागृहात दोन सेकंदांच्या आरटी६० ला एकूण शोषण सुमारे ४०० चौरस मीटर येतं. कडक खुर्च्या असतील आणि पाचशे माणसं प्रत्येकी ०.४ ची भर घालत असतील तर शोषण ६०० होतं आणि आरटी६० १.३ सेकंदांवर उतरतो. फार मोठा फरक आहे हा. खुर्च्या जाड गादीच्या असतील तर फरक कमी, कारण रिकामी खुर्चीही बरंच शोषते. माणसं वरची फ्रिक्वेन्सी जास्त खातात, खालची फारशी नाही. त्यामुळे लो-कट तसाच ठेवा आणि पहिल्या गाण्यात प्लेटचा रिटर्न २-३ डेसिबलने वर न्यायची तयारी ठेवा. साऊंडचेकला इफेक्ट पुरेसा वाटला तर कार्यक्रमात तो थोडा कोरडा वाटेल. त्या बाजूची चूक परवडते, गढूळपणा परवडत नाही.

---

आलापिनी

मी गाते, मिक्सिंग करत नाही. तरी गायकाच्या बाजूने एक सांगावंसं वाटतं. इन-इअर (कानात घालायचे मॉनिटर) घातलं की खोली नाहीशी होते आणि आपलाच आवाज कवटीत अडकल्यासारखा कोरडा लागतो. अशा वेळी गायक जोर लावून गातो, स्वर धरून ठेवायला त्रास होतो. कानात थोडा रिव्हर्ब असला की श्वास मोकळा होतो. कृपया हा लाड समजू नका. समोरच्या श्रोत्यांना काय ऐकू येतं यापेक्षा आम्हाला काय ऐकू येतं यावर गाणं जास्त ठरतं.

आणखी एक विनंती : गाणं संपून आम्ही बोलायला लागलो की इफेक्ट बंद करा. श्रोत्यांशी बोलताना शब्दांच्या मागे शेपूट फिरत असेल तर आपलेपणा राहत नाही.

---

लो_मिड

@आलापिनी ताई, दोन्ही मुद्दे शंभर टक्के मान्य.

इन-इअरसाठी शक्य असेल तर एक स्लॉट वेगळाच ठेवा आणि त्याचा सेंड प्री-फेडर घ्या. समोरच्या मिक्ससाठीचा पोस्ट-फेडर रिव्हर्बच कानात दिला तर तुम्ही समोर फेडर हलवला की गायिकेच्या कानातली खोलीही हलते. तिला कारण कळत नाही, फक्त अस्वस्थ वाटतं. जमिनीवरच्या वेजमध्ये (गायिकेकडे तोंड केलेल्या मॉनिटर स्पीकरमध्ये) मात्र रिव्हर्ब देऊ नका. तिथे खोली ऐकू येतेच, वर शिट्टीचा धोका वाढतो.

बोलण्यासाठी : समोरच्या मिक्सचे सगळे रिटर्न एका म्यूट ग्रुपवर (एका बटणाने सगळे बंद) घ्या आणि ते बटण बोटाखाली ठेवा. कानातला रिव्हर्ब त्या ग्रुपमध्ये घालू नका. शेवटचा शब्द संपल्यावर घुमारा पूर्ण विझू द्या आणि मग म्यूट करा. मध्येच कापला तर तो कापलेला कळतो.

---

तिसरी_रांग

डकिंगचं, म्हणजे गाताना डिले आपोआप दाबायचं राहिलं. डिलेच्या रिटर्नवर कॉम्प्रेसर लावा आणि त्याची साइडचेन (कॉम्प्रेसरने कधी दाबायचं ते ठरवणारा सिग्नल) गायिकेच्या चॅनलवरून घ्या. ती गात असताना डिले ६ ते ८ डेसिबल दबलेला राहतो, ओळ संपली की वर येतो. रिलीज (पुन्हा वर यायचा वेळ) २०० मिलिसेकंदांच्या आसपास. ओळीच्या शेवटच्या शब्दापुरता डिले हाताने सोडायची जी जुनी पद्धत आहे, तिचं बरंचसं काम यात होतं. तरी मी मोक्याच्या शब्दांना हातानेच सोडतो. कुठला शब्द हवेत राहावा हे कॉम्प्रेसरला समजत नाही.

पिंगपाँगचा (डावी-उजवीकडे आलटून पालटून येणाऱ्या पडसादांचा) मोह टाळा. डाव्या स्पीकरसमोर बसलेल्याला एकाआड एकच पडसाद ऐकू येतो. सिस्टम मोनोमध्ये चालत असेल तर पिंगपाँगचा अर्थच संपतो, आणि खूप मॉड्युलेशन असलेले स्टिरिओ रिव्हर्ब मोनोत पातळही होऊ शकतात.

---

नवा_कान

छान धागा. माझ्याकडे छोटा अ‍ॅनालॉग मिक्सर आहे. त्यात एकच इफेक्ट, आकडा फिरवून प्रीसेट निवडायचा. डिके, प्री-डिले काहीच बदलता येत नाही. अशा वेळी?

---

ठेका

@नवा_कान, प्लेट किंवा छोट्या रूमचे प्रीसेट एकामागून एक ऐका आणि त्यातला सर्वांत छोटा निवडा. डिले आणि रिव्हर्ब एकत्र असलेले प्रीसेट सोडून द्या, त्यांचं प्रमाण तुम्हाला बदलता येणार नाही. गाण्याच्या चॅनलचा लो-कट दाबा. बहुतेक मिक्सरमध्ये सेंड त्याच्या पुढेच निघतो, म्हणजे इफेक्टकडेही खालचं कमी जातं. अनेक मिक्सरना इफेक्ट बंद करायचा फूटस्विच लावता येतो, तो लावाच. आणि इफेक्ट फक्त गाणाऱ्यांना द्या. एकच रिव्हर्ब सगळ्या वाद्यांना वाटला तर सगळेच एका अंतरावर जाऊन बसतात.

---

निखळ_स्वर

आता हे ठरवलं आहे. पहिला स्लॉट मात्रेचा डिले, टॅपवर, डकिंगसह. दुसरा प्लेट, डिके १.२ सेकंद, प्री-डिले ५०, मुख्य गायिका आणि कोरस दोघांसाठी. तिसरा स्नेअर आणि टॉमसाठी छोटी रूम. चौथा गायिकेच्या कानासाठी. मग बासरीला वेगळा काही उरत नाही. तिला प्लेटच देऊ का? आणि मैदानात काय बदलायचं?

---

मिक्सरमागचा

बासरीला प्लेट चालेल, सेंड गायिकेपेक्षा जास्त ठेवा. तिच्यात शब्द नाहीत, त्यामुळे ती मागे बसली तरी काही हरवत नाही. लांब स्वरांवर थोडा डिलेही द्या, पण डकिंगची साइडचेन गायिकेची आहे हे लक्षात असू द्या. बासरी एकटी वाजत असताना डिले दबणार नाही, म्हणून तिचा सेंड हलकाच हवा. कोरसला मुख्य गायिकेपेक्षा प्लेट जास्त आणि डिले शून्य. त्यानेच त्या दोघी तिच्या मागे उभ्या राहतात.

मैदानात भिंती नाहीत, म्हणून हॉल अल्गोरिदमला तिथे खरी जागा मिळते. त्याच प्लेटच्या स्लॉटमध्ये १.८ ते २.२ सेकंदांचा हॉल लावून दुसरा सीन (सेटिंगचा संच) साठवून ठेवा. लो-कट २०० पर्यंत खाली आणला तरी चालेल. समोर उंच इमारत किंवा मोठी भिंत असेल तर आधी टाळी वाजवून पडसाद किती वेळाने येतो ते ऐका आणि डिले त्यापासून दूर ठेवा. वारा असेल तर वरची फ्रिक्वेन्सी इकडेतिकडे हलते, घुमारा कमीजास्त होतोय असं वाटतं. तेव्हा रिटर्नच्या फेडरमागे धावू नका.

आणि रिटर्नची पातळी ठरवायची ती पूर्ण बँड वाजत असताना, मिक्सर सोडून शेवटच्या रांगेत जाऊन. टॅब्लेट असेल तर सोबत न्या आणि प्लेटचा रिटर्न तिथूनच वर-खाली करून ऐका.